झेंडूच्या निबंधावरची लाल रेघ

मी चष्मा. कोणाचा म्हणाल, तर साधना मॅडमचा. आणि राहायला कुठे म्हणाल, तर त्यांच्या नाकावर. ते नाक जरा बसकं आहे, त्यामुळे मी सारखा घसरतो आणि त्या सारख्या मला वर सरकवतात. मुलांच्या निबंधांत मी पुष्कळदा येऊन गेलो आहे. 'माझा जन्म एका कारखान्यात झाला, मी अंधुक डोळ्यांना प्रकाश देतो' वगैरे. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी विचारलं नाही की बाबा रे, तुझं म्हणणं काय आहे. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं.

माझी फ्रेम कुठून आली ते मला ठाऊक नाही. काचा मात्र नाशिकच्याच, मेन रोडच्या एका जुन्या दुकानात बसवलेल्या. मॅडमनी आरशासमोर ढीगभर फ्रेमा लावून पाहिल्या. सोबत आलेले त्यांचे मिस्टर ज्या फ्रेमला 'ही छान दिसते' म्हणत, ती लगेच खाली जाई. मग दुकानदाराने मला त्यांच्या नाकावर चढवलं आणि बारीक अक्षरांचं एक कार्ड हातात दिलं. मॅडमनी ते घडाघडा वाचलं आणि शेवटी म्हणाल्या, "यात दोन ठिकाणी वेलांटी चुकलीय." दुकानदार हात जोडून म्हणाला, "मॅडम शाळेत का?" त्या कौतुकाच्या भरात मी पास झालो.

मी जवळचं वाचायचा चष्मा. लांबचं त्यांना माझ्यावाचून दिसतं. त्यामुळे वाचताना मी नाकावर आणि वर्गाकडे बघताना मी डोक्यावर, असा माझा दिवसभर चढ-उतार चालू असतो. डोक्यावर गेलो की मला फक्त छत आणि पंखा दिसतो. मग कधी तरी त्या टेबलावर, पर्समध्ये, कपाटात मला शोधत फिरतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्या नववीला शिकवतात, हे विशेष.

मॅडम जेलरोडला राहतात. शाळा सायखेड्याकडच्या एका खेड्यात, नववी-दहावीला मराठी. इंग्रजीच्या भाग्यश्री मॅडमच्या गाडीवर मागे बसून रोज जायचं. मुलं आसपासच्या मळ्यांतली. कोणाचा कांदा, कोणाची द्राक्षं, कोणाची फुलं. घरी 'लय', 'नाय', 'हाय' बोलणारी पोरं बोर्डाच्या परीक्षेत अडू नयेत म्हणून मॅडमनी आयुष्यभर जिवाचं रान केलं. निबंधाची सुरुवात कशी करायची, मध्ये दोन अलंकारिक वाक्यं कुठे पेरायची, शेवट कसा करायचा, हे त्या फळ्यावर लिहून देत. आधी कच्चं लिहा, मग पक्क्या पानावर उतरवा, खाडाखोड दिसली तर बघा.

आणि वाचायच्या त्या शब्दन् शब्द. ही गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो, कारण वाचायच्या त्या माझ्यातूनच. पान वाचून झालं की उजव्या कोपऱ्यात खाली लाल शाईची एक बारीक खूण करायच्या, हरभऱ्याच्या टरफलाएवढी. शाळेतल्या पोरांना ती खूण माहीत होती. ती दिसली की मॅडमनी हे पान वाचलंय म्हणून समजायचं.

मग त्या यंत्राचं प्रकरण आलं. एआय. नाशिकला एका कॉलेजच्या सभागृहात शिक्षकांना प्रशिक्षण होतं. पडद्यावर प्रश्न टाकला की खाली उत्तर धो धो यायचं. विज्ञानाचे अमोल सर पुढच्या रांगेत बसून भराभर टिपून घेत होते. आमच्या मॅडम मागच्या रांगेत भाग्यश्री मॅडमबरोबर शेंगदाणे खात होत्या आणि मी डोक्यावर होतो, त्यामुळे तिथलं मला फारसं काही सांगता येणार नाही.

शिक्षकखोलीत मात्र रोज त्यावरून खडाजंगी व्हायची. हेडसरांचं धोरण सरळ होतं, "वरून आलंय, करा, आणि फोटो ग्रुपवर टाका." पीटीचे सर म्हणायचे, "आपल्याला काय फरक पडतो? मैदानाला फेऱ्या मारायला एआय येणार आहे का?" भाग्यश्री मॅडम 'मला बाई यातलं काही कळत नाही' म्हणायच्या आणि त्यांच्या सरावपत्रिका अचानक फारच देखण्या व्हायला लागल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

खरी जुंपायची ती साधना मॅडम आणि अमोल सरांची.

"पोरांचं डोकं म्हणजे काय मिक्सर आहे का, बटण दाबलं की वाटण तयार?" मॅडम म्हणायच्या. "पाट्यावरच वाटावं लागतं. हात दुखले पाहिजेत."

"बरोबर आहे, मॅडम," अमोल सर शांतपणे म्हणाले. "घरी तुम्ही पाटाच वापरता ना?"

मॅडम वह्यांचा गठ्ठा सरळ करायला लागल्या. मिक्सर वापरतात. चटणी करताना मी नाकावरच असतो, मला माहीत आहे.

चेष्टा राहू द्या. मॅडमना भीती वाटत होती, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळायचं. निवृत्ती जवळ आलेली. जन्मभर ज्या गोष्टीसाठी डोळे झिजवले, ती गोष्ट आता कोणीही मोबाइलवरून मागवून घेणार. मलाही भीती वाटत होती. निबंध यंत्राने लिहायचे आणि यंत्रानेच तपासायचे म्हटल्यावर मध्ये माझ्या काचांचं काम काय?

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमनी दहावीला अभ्यास दिला. एक आत्मवृत्त लिहून आणा, विषय तुमच्या घरातला घ्या, अंतर्गत गुण यावरच देणार. सुट्टी संपली आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर आला.

पहिला निबंध बरा वाटला. दुसराही. पुढे पुढे मॅडमच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. ट्रॅक्टर, गाय, विहीर, चूल, सगळे एकाच सुरात बोलत होते. सगळ्यांना 'मानवाने' काहीतरी शिकवलं होतं आणि सगळे शेवटी 'चला तर मग' म्हणून निरोप घेत होते. बंटीने तर खाली 'आणखी काही बदल हवे असल्यास नक्की सांगा' हेही सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं. मॅडमनी त्याखाली लिहिलं, 'हो, हवे आहेत. आधी तू बदल.' त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

अशा मनःस्थितीत स्नेहलचा निबंध हाती आला. स्नेहल ही वर्गातली अबोल मुलगी. घरी झेंडू आणि शेवंती, आजोबा आणि वडील नाशिकच्या फूलबाजारात माल घेऊन जातात. दोन पानी निबंध, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड कुठे नाही. सुरुवात अशी होती: 'मी झेंडूचे फूल बोलत आहे. गोदामाईच्या कुशीतील सुपीक मातीत माझा जन्म झाला. सूर्यनारायणाच्या कोवळ्या किरणांनी मला न्हाऊ घातले.'

"ही पण?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी मला सर्रकन डोक्यावर ढकललं. मग पेनचा आवाज आला, कागदावर आडवा, लांबच लांब. पंख्याकडे बघत मी तो ऐकला. नंतर कळलं, पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती आणि तिच्याखाली शेरा, 'स्वतः लिहून आणणे.'

दुसऱ्या दिवशी वर्गात कागद वाटले. बाकीची पोरं माना खाली घालून हसत होती, कारण त्यांचे निबंध मोबाइलवरूनच उतरवलेले होते, त्यांच्यात साव कोणीच नव्हता. स्नेहल मात्र उभी राहिली.

"मॅडम, हे मी लिहिलंय."

"घरी मोबाइल आहे ना?"

"हाय. पण मी त्याच्यावरनं नाय लिहिलं."

"स्नेहल, मी इतकी वर्षं शिकवते. दहावीतली मुलगी असं लिहीत नाही. परत लिही आणि शनिवारी दे."

"परत कशाला लिहू? जे लिहायचं ते लिहिलंय."

खाली घातलेल्या माना वर झाल्या. मॅडमना उलट बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. "मग शून्य देईन," त्या म्हणाल्या. स्नेहल खाली बसली. नंतर तासभर तिने वही उघडली नाही. मॅडमनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मार्कांचं सोडा, दोन-पाच मार्कांनी स्नेहलचं काही अडलं नसतं. पण साऱ्या वर्गासमोर ती खोटारडी ठरली होती. मुलीच्या जातीला गावात हे फार दिवस पुरतं.

मधल्या सुट्टीत मॅडम शिक्षकखोलीत आल्या त्या तणतणतच. "बघा तुमच्या यंत्राचे प्रताप," म्हणून त्यांनी स्नेहलकडून परत घेतलेला कागद अमोल सरांपुढे टाकला. हेडसर म्हणाले, "त्यालाच विचारा की. हा सूर्य, हा जयद्रथ. अमोल, टाक त्यात."

अमोल सर नको म्हणत होते, पण हेडसरांपुढे त्यांचं चालेना. त्यांनी पहिल्या पानाचा फोटो काढला आणि हा मजकूर यंत्राने लिहिलाय का, असं यंत्राला विचारलं. उत्तर लगेच आलं. भाषा प्रमाणबद्ध आहे, वाक्यरचना ठरावीक साच्याची आहे, त्यामुळे हा मजकूर यंत्राने लिहिल्याची दाट शक्यता आहे.

"झालं?" मॅडम म्हणाल्या.

आता मला सांगा. ज्या बाईने या यंत्राला आजवर एका शब्दाला विचारलं नव्हतं, जी त्याला खोटारडं, उसनं, बिनडोक म्हणत होती, तिने ते आपल्या मनासारखं बोलल्याबरोबर त्याला साक्षीदार केलं. माणसं मजेशीर असतात. नाक माझं हक्काचं असलं तरी मी हे बोलणारच.

भाग्यश्री मॅडमना मात्र चेष्टा सुचली. शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत साधना मॅडमनी फार पूर्वी एक लेख लिहिला होता, 'मी शाळेची घंटा बोलतेय.' तेव्हा एआय हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. भाग्यश्री मॅडमनी कपाटातून स्मरणिका काढली. "सर, गंमत म्हणून हेही टाका ना."

सरांनी टाकलं. भाषा प्रमाणबद्ध आहे. वाक्यरचना ठरावीक साच्याची आहे. हा मजकूर यंत्राने लिहिल्याची दाट शक्यता आहे.

हेडसर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पीटीच्या सरांनी साधना मॅडमना 'यंत्र मॅडम' म्हणून सलाम ठोकला. मॅडमही हसल्यासारखं करून बसल्या. अमोल सर तेवढे हसले नाहीत.

"मॅडम, त्याला हे ओळखता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मूल खरं की खोटं हे त्याच्यावरून ठरवू नका. तुम्ही शेंगदाणे खात होता."

"मग तिचं इतकं गुळगुळीत कसं?"

अमोल सरांनी मोबाइल बाजूला ठेवला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, घंटा आणि झेंडू. "राग मानू नका," ते म्हणाले, "स्नेहलने तुमच्यासारखं लिहिलंय."

मॅडमनी मला नाकावर घेतलं. घंटेचा जन्म 'सह्याद्रीच्या कुशीत' झाला होता. झेंडूचा 'गोदामाईच्या कुशीत.' घंटेलाही कोवळ्या किरणांनीच न्हाऊ घातलं होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलेली ती वाक्यं. एका मुलीने मनापासून ऐकलं, कच्चं लिहून पक्कं केलं, वेलांट्या सांभाळल्या, आणि त्याबद्दल तिला रेघ मिळाली. मॅडम घंटेची एक ओळ, झेंडूची एक ओळ, असं आलटून पालटून परत वाचत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास दहावीला. मॅडम कागद घेऊन वर्गात गेल्या आणि टेबलाजवळ न थांबता थेट स्नेहलच्या बाकापाशी.

"स्नेहल, काल मी म्हटलं हे तू लिहिलं नाहीस. तू लिहिलंयस. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

स्नेहल उभी राहिली, पण तिचा चेहरा काही सैल पडला नाही. बाकावरच्या करकटकाने कोरलेल्या नावाकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, मशीनचं वाटलं तर वाटू द्या. त्याचं काय नाय. पण दुसऱ्या पानावर तुमची खूण नाय."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी कागद उलटला. उजव्या कोपऱ्यात खाली कोरं होतं.

"तुम्ही वाचलंच नाय ते," स्नेहल म्हणाली. "वाचून शून्य दिलं असतं तर मी लिहिलं असतं परत."

मी इतकी वर्षं या नाकावर आहे, पण मॅडमना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आजवर त्यांच्या बोलण्यात मुद्दा कोणताही असो, शेवट एकच असायचा: मी वाचते, यंत्र वाचत नाही. आणि या मुलीचं पान त्यांनी उलटलंही नव्हतं. त्यांनी काही सबब सांगितली नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांनी मला नीट बसवलं आणि विचारलं, "आता वाचू? मोठ्याने?"

स्नेहलने खांदे उडवले. मॅडम वाचू लागल्या.

'दसऱ्याच्या दिवशी सकाळी मला सगळे विचारतात. दुपार झाली की भाव पडतो. संध्याकाळी लोक उरलेल्या फुलांचे ढीग बाजारात रस्त्यावरच सोडून जातात आणि माझ्या अंगावरून गाड्या जातात. आमचे भिमाजी आजोबा मला टाकत नाहीत. ते टेम्पोत मागे बसतात आणि येता येता माळा ओवतात. रस्त्याच्या कडेला जी गाडी उभी दिसेल तिला एक माळ घालतात. कोणाची आहे ते विचारत नाहीत. पंक्चरच्या दुकानात पडलेली सायकल, बंद पडलेला ट्रॅक्टर, रसवंतीचा गाडा. आजोबा म्हणतात, आज सगळ्या गाड्यांची पूजा झाली, हिचीच राहिली आसंल. एकदा एका ड्रायव्हरने विचारलं, बाबा, किती द्यायचे? आजोबा म्हणाले, वाहिलेल्या फुलाचं काय घ्यायचं? असं करत करत घरी येईपर्यंत पाटी रिकामी होते. मग आजोबांच्या ध्यानात येतं, आपल्या टेम्पोला माळ राहिली. दर वर्षी आमचीच गाडी तशी राहते. आई रागावते. आजोबा लय हसतात.'

'लय' या शब्दापाशी मॅडम थांबल्या. एरवी तिथे त्यांनी लाल गोल केला असता. त्यांनी मला काढलं, पदराच्या टोकाने पुसलं आणि परत लावलं. काच स्वच्छ होती, मी शपथेवर सांगतो.

मग मागच्या बाकावरून बंटीचा आवाज आला. बंटीच्या वडिलांची पिकअप आहे, भाजी भरून नाशिकला जाते.

"स्नेहल, पांढरी पिकअप होती का गं? चाटोरीच्या फाट्यावर?"

स्नेहल मागे वळली. "टायर काढून ठेवलेलं?"

"तीच. आमचे पप्पा स्टेपनी आणायला गेलते. आले तर आरशाला माळ. लय विचारलं सगळ्यांना, कोणी सांगंना. मम्मीनं ती काढूच दिली नाय. वाळून खडखडीत झाली, तरी हाय अजून." तो जरा थांबला. "ते तुझे आजोबा व्हय?"

"हां," स्नेहल म्हणाली. काल सकाळपासून आवळून धरलेला तिचा चेहरा तेव्हा कुठे सुटला.

"मग पुढच्या दसऱ्याला तुमच्या टेम्पोला माळ मी घालीन," बंटी म्हणाला. "फुलं मातर तूच दे."

वर्ग हसला. स्नेहल हसली. मॅडमनी दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण केली. मग त्यांनी पहिलं पान समोर घेतलं. लाल शाईची रेघ पुसता येत नाही. हजेरीपटात चूक झाली की शिक्षक ती खोडून शेजारी सही करतात, तशी त्यांनी रेघेच्या टोकाशी सही केली, तारीख घातली आणि लिहिलं, 'ही रेघ चुकीची.' कागद स्नेहलच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी न घालता दप्तरात सरळ ठेवला आणि मराठीची वही उघडली.

याला आता बरेच महिने झाले. मॅडमचं यंत्राशी अजून जमत नाही. व्याकरणाच्या सरावपत्रिका मात्र त्या अमोल सरांकडून त्याच्यावर करून घेतात आणि 'वेळ वाचतो, बाकी काही नाही' असं फणकाऱ्याने म्हणतात. त्या वाचलेल्या वेळात नववीची पोरं त्यांच्या टेबलाभोवती गोळा होतात आणि घरात काय काय घडलं ते सांगतात. मॅडम म्हणतात, आता जसं सांगितलंस तसंच लिही, वेलांट्यांचं मी बघते. फळ्यावर सुरुवात आणि शेवट लिहून देणं त्यांनी बंद केलं आहे. मार्क कमी पडतील म्हणून हेडसर कुरकुरतात. पडतीलही कदाचित, मला सांगता येत नाही.

माझं म्हणाल तर मी थकलो. डाव्या काचेवर ओरखडा आहे, एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि मॅडमचा नंबरही वाढला. मेन रोडच्या त्याच दुकानात नवा चष्मा टाकला आहे, लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारा. त्याला डोक्यावर चढायची पाळी येणार नाही. आणायला शनिवारी जायचं आहे. मला वाईट वाटतं, पण रडगाणं गाणाऱ्यांतला मी नाही.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ते राहो, वाढो, पोरांना गणितं समजावून सांगो. तुम्ही शिक्षक असाल तर एवढंच करा, पोराने दिलेलं पान उलटून बघा.

आणि नव्या चष्म्या, तुला निरोपाचं एकच सांगून जातो. बाई वाचता वाचता मध्येच थांबतील, तुला काढून पदराला पुसतील. तेव्हा आपल्यावर धूळ बसली असेल असं समजू नकोस. गुपचूप पुसून घे, आणि त्यांनी परत लावलं की पुढची ओळ त्यांना स्पष्ट दाखव.